टोमॅटोचं बूड काळं, काकडी कडू. औषध कोणतं मारू?

"नमस्कार. घरामागच्या मोकळ्या जागेत माझी भाजीची छोटी बाग आहे. दोन वाफ्यांत टोमॅटो, वांगी, मिरची आणि काकडीचा वेल, भिंतीलगतच्या कुंड्यांत आणखी टोमॅटो आणि पालेभाज्या. रोज संध्याकाळी कामावरून आले की पाइपने सगळ्या झाडांना वरून छान आंघोळ घालते, दहा मिनिटांत आटपतं. शनिवार-रविवारी बहुतेक बाहेर असतो, मग सोमवारी भरपूर पाणी देते. तरी टोमॅटोच्या बुडाला काळे डाग पडतायत, पिकायला आले की फळं फुटतायत, खालची पानं पिवळी पडून त्यांवर तपकिरी ठिपके आलेत, काकडी कडू लागते आणि वेलाच्या पानांवर पांढरी पूड बसली आहे. अंड्याची टरफलं घातली, कॅल्शियमचं औषध फवारलं, फरक नाही. सासूबाई म्हणतात पाणी जास्त होतंय, नवरा म्हणतो कमी पडतंय. नक्की कोणतं औषध मारू?"
– एक वाचक

ताई, नमस्कार.

औषधाचा पंप तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्या पाच तक्रारींपैकी तीन मुळात रोगच नाहीत. बुडाचा काळा डाग, फळ फुटणं आणि काकडीचा कडूपणा यांच्यामागे ना बुरशी आहे, ना जिवाणू, ना कीड. मग औषध मारायचं कोणावर? चौथी तक्रार, खालच्या पानांवरचे ठिपके, हा मात्र रोग आहे, आणि त्याला रोज संध्याकाळी पाइपने तुम्हीच खतपाणी घालताय. पाचवी म्हणजे पांढरी पूड. तीही बुरशीच, पण तिचा स्वभाव इतरांच्या उलट आहे, तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिते.

घरातल्या वादाचा निकाल आधी देऊन टाकते. रविवारी तुमच्या मिस्टरांचं म्हणणं बरोबर असतं आणि सोमवारी सासूबाईंचं. एकूण पाणी कमी-जास्त असण्यापेक्षा ते एकसारखं नाही आणि जिथे पडायला हवं तिथे पडत नाही, ही तुमच्या बागेची अडचण आहे.

उद्या एक काम करा. नेहमीसारखं पाणी घाला, अर्धा तास थांबा आणि टोमॅटोच्या बुंध्यापासून वीतभर लांब खुरपीने वीतभर खोल खड्डा घ्या. खड्ड्याची एक बाजू उभी, सरळ राहू द्या, म्हणजे मातीचे थर नीट दिसतील. वरची दोन बोटं माती काळसर, ओली असेल आणि तिच्याखाली रेघ मारल्यासारखी एकदम फिकट, कोरडी माती सुरू होईल, असा माझा अंदाज आहे. खालच्या मातीचं ढेकूळ हातात घेऊन दाबा. भुगा झाला तर समजा की तिथे कित्येक दिवसांत ओल पोचलेली नाही. बारीक पांढरी मुळं कुठे दाटली आहेत तेही बघा. ती वरच्या दोन बोटांतच घुटमळताना दिसतील, कारण जिथे ओल तिथे मुळं. टोमॅटोची मुळं मोकळ्या मातीत दोन-तीन फूट खाली सहज जातात, पण खाली काही मिळतच नसेल तर ती जातील कशाला? मग हा वरचा थर शनिवारच्या उन्हात वाळला की झाडाच्या हाती काहीच उरत नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. सौम्य हवामानात फळभाज्यांना आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर लागतं. कडक ऊन-वारा असेल तर बरंच जास्त, ढगाळ गारव्यात कमी. हेच २५ लिटर रोज साडेतीन-साडेतीन लिटर करून शिंपडले, तर दरवेळी वरचा पापुद्राच भिजतो आणि त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं. तेवढंच पाणी आठवड्यातून दोनदा, साडेबारा-साडेबारा लिटर करून सावकाश मुरवलं, तर ते खाली पोचतं. किती खाली, ते मातीवर. कोरड्या वाळूसर मातीत २५ मिलिमीटर पाणी फूटभर खोल जातं, पोयट्याच्या, म्हणजे ना फार वाळूसर ना फार चिकण अशा मातीत सात-आठ इंच, आणि भारी चिकण मातीत चार-पाच इंचांवरच थांबतं. म्हणून वाळूसर मातीला जरा लवकर लवकर पाणी द्यावं लागतं, आणि भारी मातीला एका वेळी भरपूर पण हळूहळू, नाहीतर ते वरून वाहून जातं. पाइपमधून किती पाणी येतं याचा आपल्याला पत्ताच नसतो. दहा लिटरची बादली धरा, किती सेकंदांत भरते ते बघा, मग "पाच मिनिटं पाणी दिलं" म्हणजे नेमकं किती दिलं ते कळेल. (पाइप उन्हात पडलेला असेल तर आधी त्यातलं पाणी वाहू द्या, ते चांगलंच तापलेलं असतं.)

आता बुडाचा काळा डाग. याच्यावर जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि टरफलं याच्यापायीच वाया जातात.

डाग नीट बघा. फुलाच्या टोकाला, म्हणजे देठाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, आधी पाणी लागल्यासारखा ओलसर ठिपका येतो. मग तो तपकिरी, पुढे काळा, चपटा, थोडा खोलगट आणि चामड्यासारखा कडक होतो. फळाच्या खांद्यावर किंवा बाजूला डाग असेल तर ती भानगड वेगळी, करप्याची म्हणजे पानं-फळं डागाळणाऱ्या रोगाचीही असू शकते. पण बरोबर बुडाशी आणि कडक असेल, तर फळाच्या त्या भागाला वाढीच्या वेळी कॅल्शियम पुरलेलं नाही. इथवर तुमचं निदान बरोबर होतं. गफलत पुढे आहे. बहुतेक मातीत कॅल्शियम पुरेसं असतं, फक्त ते फळापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम झाडात चालतं ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर, मुळाकडून वर. पानं दिवसभर वाफ सोडतात, त्यामुळे पाणी खेचण्याचा जोर सगळा पानांचा. फळाची साल वाफ फारशी सोडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला प्रवाह मुळातच कमी येतो. मातीतली ओल तुटली की जे थोडं पाणी वर चढतं ते पानं पळवतात आणि फळाचं बूड, जे देठापासून सगळ्यात लांब, ते उपाशी राहतं. तिथल्या पेशी कोलमडतात आणि आठवड्या-पंधरवड्याने तुम्हाला काळा डाग दिसतो.

एकदा पानात गेलेलं कॅल्शियम तिथून निघून फळात जात नाही. म्हणून पानांवर कॅल्शियम फवारून फळाचं भलं होत नाही. टरफलांचंही तेच. ती मातीत विरघळायला फार वेळ लागतो, आणि विरघळली तरी वाहून न्यायला पाणी हवंच. घातलीत तर नुकसान काही नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. माती फार आम्लधर्मी असेल तर मात्र खरंच कॅल्शियम कमी असू शकतं. तसा संशय असेल तर माती तपासून घ्या आणि मगच चुना घाला, अंदाजाने नाही.

सासूबाईंच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. मुळं सतत चिखलात राहिली की त्यांना हवा मिळत नाही, कोवळी टोकं मरतात, आणि कॅल्शियम आत घेण्याचं काम मुख्यतः ही कोवळी टोकंच करतात. म्हणजे कोरडेपणाने जो डाग पडतो तोच चिखलानेही पडतो. नत्राचा मारा, विशेषतः युरिया-अमोनियाच्या रूपातला, हेही एक कारण. झाड भराभर पालवतं, पानं वाढतात, पाणी आणखी पानांकडे जातं. झाड गर्द हिरवं, दणकट आणि फळ मात्र काळ्या बुडाचं असेल तर खताचा हात आवरा. बुंध्याजवळ खोल खुरपणी करून मुळं तोडणं हेही त्यातलंच.

पहिल्या तोड्यातली फळं जास्त बिघडतात, लांबट जातींत हे अधिक दिसतं, आणि चेरी टोमॅटोत क्वचितच. मिरची, दुधी, कलिंगड यांनाही हाच त्रास होतो, त्यामुळे मिरचीच्या टोकाला पांढुरका वाळका चट्टा दिसला तर नवीन रोग आला म्हणून घाबरू नका. आणि हो, पाणी सुधारलं की दुसऱ्या दिवशी निकाल मागू नका. बिघाड फळ अगदी लहान असताना होतो, डाग नंतर दिसतो. आज झाडावर असलेल्या फळांपैकी काहींचं बूड आतून आधीच बिघडलेलं आहे, ती पुढेही काळी पडतील. निकाल बघायचा तो आजपासून धरणाऱ्या फळांवर.

फळ फुटणं हा सोमवारच्या पाण्याचा प्रताप. दोन-तीन दिवस झाड तहानलेलं असलं की फळाची वाढ थबकते, साल घट्ट होते. मग एकदम भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि सालीला तेवढ्या वेगाने ताणता येत नाही. देठापासून खाली उभी चीर पडते किंवा देठाभोवती गोल भेगा पडतात. पिकायला आलेली फळं आधी फुटतात. कोबीचा गड्डा आणि गाजरही असंच फुटतं, मोठ्या पावसानंतर तर हमखास. यावर एक सोपी युक्ती आहे. टोमॅटोच्या बुडाशी गुलाबी झाक आली की तो तोडून घरात ठेवता येतो, तिथेही छान पिकतो. शुक्रवारी निघण्याआधी अशी फळं उतरवून घ्या. मोठ्या पावसाची चिन्हं असली तरी हेच.

तुमच्या शनिवार-रविवारचा प्रश्न इतका अवघड नाही. वाफ्यात पाणी वीतभर खोल मुरलेलं असेल आणि वर आच्छादन असेल, तर दोन-तीन दिवस झाडं मजेत काढतात. शुक्रवारी सकाळी भरपूर पाणी द्या. आच्छादन म्हणजे वाळलेला पालापाचोळा, गवत, पेंढा, जे हाताशी असेल ते, दोन-तीन इंच जाड, मात्र बुंध्यापासून चार बोटं लांब. बुंध्याला टेकवलं तर तिथे ओल धरून खोड कुजतं. जमिनीवर आच्छादन नसेल तर बाकी कितीही शिस्त पाळा, ओल टिकणार नाही. बागेत एकच सुधारणा करायची असं कोणी मला सांगितलं तर मी हीच सांगेन, ठिबकच्याही आधी. ठिबकची नळी आणि साधा टायमर बसवलात तर उत्तमच, फक्त लावून विसरू नका. पाऊस पडला की बंद करायचा असतो, आणि एखादं छिद्र क्षाराने बुजलं तर तेवढं एकच झाड सुकतं आणि आपण त्याच्यावर रोग शोधत बसतो. नळी नको असेल तर झिलई दिलेलं नव्हे, साधं भाजलेल्या मातीचं मडकं झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, तोंड झाका. आजूबाजूची माती कोरडी पडेल तसं त्यातून पाणी झिरपतं. पद्धत फार जुनी आहे आणि आजही चोख चालते.

सोमवारी परत आल्यावर माती कोरडी दिसलीच तर एकदम धो-धो पाणी सोडू नका. आधी थोडं, तासाभराने बाकीचं.

आता पानांकडे. खालच्या पानांवर तपकिरी ठिपका, त्यात एकात एक गोल वलयं आणि भोवती पिवळी कड असेल, तर तो लवकर येणारा करपा. खालून सुरू होऊन तो वर चढत जातो. खालूनच का? कारण या बुरशीचा मुक्काम मातीत आणि मागच्या हंगामाच्या वाळक्या काडीकचऱ्यात असतो. पाइपचं पाणी जमिनीवर आपटतं, चिखलाचे शिंतोडे सगळ्यात खालच्या पानांवर उडतात आणि बुरशीचे बीजाणू त्यांबरोबर वर जातात. तुमच्या झाडाचं एखादं खालचं पान उलटं करून बघा, मागच्या बाजूला वाळलेल्या मातीचे कण दिसतील. रोग आला तो याच वाटेने.

पण बीजाणू पानावर पडला म्हणजे लगेच रोग झाला असं नाही. त्याला रुजायला पान काही तास सलग ओलं लागतं. पानावर पाणी पडलं याला फारसं महत्त्व नाही, ते किती वेळ राहिलं याला आहे. सकाळी भिजलेलं पान तास-दोन तासांत वाळतं. संध्याकाळी भिजवलेलं पान रात्रभर ओलं राहतं, त्यावर पहाटेचं दव, आणि ऊन वर येईपर्यंत बुरशीला हवा तेवढा वेळ मिळालेला असतो. उशिरा येणारा करपा तर याहून घातक. गारवा आणि दहा-बारा तास ओलं पान मिळालं की तो सुरू होतो आणि आठवड्याभरात सगळं झाड काळं पाडू शकतो. १८४५ पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक ज्याने बुडवलं आणि भीषण दुष्काळ आणला तो हाच.

म्हणून झाडांची आंघोळ बंद. पाइपचं फवाऱ्याचं तोंड काढून ठेवा, धार बारीक करा आणि पाइप बुंध्याशी जमिनीवर ठेवून द्या. बुंध्याभोवती हात-दीड हात रुंद आळं करा, पण खोडाशी मातीचा थोडा उंचवटा राहू द्या, म्हणजे पाणी आळ्यात फिरेल आणि खोडाला तुंबणार नाही. सकाळी जमलं तर सर्वांत चांगलं. नाही जमत? मग संध्याकाळीच द्या, फक्त मातीला द्या. संध्याकाळच्या पाण्याला लोक उगाच बदनाम करतात. पान कोरडं राहणार असेल तर संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर छान मुरतं.

आणि भर दुपारी? "उन्हात पाणी घातलं तर थेंबांची भिंगं होऊन पानं भाजतात" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी याची प्रयोग करून परीक्षा घेतली. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी काही भाजलं नाही. थेंब पानाच्या इतका जवळ असतो की किरण पानावर एकवटतच नाहीत. दाट लव असलेल्या पानांवर थेंब लवेवर अधांतरी राहतो, तिथे थोडी शक्यता निघाली. तेव्हा दुपारी झाड खरंच मान टाकत असेल आणि माती कोरडी असेल तर पाणी घाला, मुहूर्त बघू नका. फक्त दुपारी बरंच पाणी उडून जातं, म्हणून रोजची वेळ ती नको.

"मान टाकणं" यावरून आठवलं. दुपारी दोन वाजता काकडीच्या वेलाची पानं लोंबलेली पाहून बरेच जण पाइपकडे धावतात. मोठ्या पानांची झाडं कडक उन्हात तशी लोंबतातच. जेवढं उडतं तेवढं मुळं ओढू शकत नाहीत, एवढाच अर्थ. संध्याकाळी ती सावरली तर काळजी नाही. खरी परीक्षा सकाळी. सकाळी गारव्यातही झाड मलूल असेल तर मातीत बोट घाला. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर मुळीच देऊ नका, दुखणं मुळाशी किंवा खोडात आहे आणि पाण्याने ते वाढेल. शंका असेल तर सुकलेल्या टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या खोडाचा बुंध्याकडचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगता धरा. काही मिनिटांत कापातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली तर तो जिवाणूजन्य मर रोग. ते झाड मुळासकट उपटून बागेबाहेर काढा आणि हत्यारं धुऊन घ्या. त्यावर उपचार नाही.

करप्यासाठी आणखी दोन-तीन कामं आहेत. जमिनीपासून फूटभरापर्यंतची टोमॅटोची पानं, डागाळलेली असोत-नसोत, झाड पुरेसं मोठं झालं असेल तर काढून टाका. हे काम झाड कोरडं असताना करा, ओल्या झाडाला हात लावला की रोग आपल्याच बोटांनी पुढच्या झाडावर जातो. झाडं काठीला बांधा, त्यांच्यात वारा खेळू द्या. काढलेली पानं तिथेच टाकू नका. पुढच्या वेळी त्याच वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काही लावू नका, निदान दोन वर्षं तरी. एवढं करूनही ठिपके वरच्या पानांवर चढतच राहिले, तर मग औषधाचा विचार करू, आधी नाही.

पांढरी पूड म्हणजे भुरी. ही बुरशी पान ओलं नसतानाही वाढते, उलट पानावर पाण्याचा थर असला तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. दमट हवा, सावली, गर्दी तिला आवडते. मग तुमची रोजची आंघोळ तिला का नडली नाही? कारण दिवसभर पान कोरडंच असतं, तेवढा वेळ तिला पुरतो. आणि भुरी धुवायची म्हणून पाणी मारत राहिलात तर काकड्यांवर केवडा नावाचा दुसरा रोग येईल, त्याला ओलं पान हवंच असतं. वेल मांडवावर किंवा जाळीवर चढवा, गर्दी विरळ करा, जास्त माखलेली जुनी पानं काढा. गंधक चालतं, पण कडक उन्हाच्या दिवसांत काकडीवर्गीय वेलांवर मारलं तर पानं करपतात, तेव्हा आधी एका वेलावर मारून बघा. वेल म्हातारा झाला असेल आणि फळं संपत आली असतील तर मी तरी काहीच करणार नाही.

काकडीचा कडूपणा कुकुरबिटॅसिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. काही जातींत तो असतोच, पण उष्णता आणि पाण्याची ओढाताण झाली की वाढतो. देठाकडचा भाग आणि साल यांत तो जास्त असतो, म्हणून थोडी कडवट काकडी सोलून, देठाकडचा भाग उडवून चालते. पण जिभेला झोंबेल इतकी कडू काकडी किंवा दुधी असेल तर तोंडातला घास थुंकून सगळं फेकून द्या. त्याने माणूस खरोखर आजारी पडतो, त्यात काटकसर नको. नवीन काकड्यांसाठी उपाय तोच, ओल तुटू न देणं.

कुंड्यांना वाफ्याचा नियम लावू नका. कुंडीत मुळांना जायला जागाच नाही, माती थोडी, बाजूही तापतात. कडक उन्हात भरलेल्या टोमॅटोच्या कुंडीला रोज, कधी दिवसातून दोनदाही पाणी लागतं. टोमॅटोला निदान पंधरा-वीस लिटरची कुंडी द्या, त्याहून लहान असेल तर ओल एकसारखी ठेवणं तुमच्याच्याने काय, कोणाच्याच्याने होणार नाही. दर वेळी खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या आणि ताटलीत साठलेलं ओतून टाका. तळाशी खडी भरल्याने निचरा सुधारतो ही समजूत चुकीची. पाणी मातीतून खडीत सहज उतरत नाही, उलट ओलीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

सोमवारी कुंड्यांत एक गंमत होत असणार. वाळलेली माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. तुम्ही ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं, भोकातून वाहतं, आणि तुम्हाला वाटतं कुंडी भिजली. उचलून बघा, हलकी लागली तर आत कोरडीच आहे. अशा वेळी थोडं थोडं पाणी तीन-चार वेळा द्या, किंवा लहान कुंडी अर्धा तास टबात बसवा. जाताना कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत सरकवल्यात तरी दोन दिवस निघतील.

पालेभाज्यांची मुळं वरच असतात, त्यांना थोडं आणि वारंवार पाणी लागतं. रोपं तर आणखी नाजूक. बारीक झारीने माती ओलसर ठेवायची, पण चिखल झाला की रोपाची मान मातीशी दोऱ्यासारखी बारीक होते आणि ते आडवं पडतं. फुलोऱ्यात आणि फळ धरताना मिरची-वांग्याला ताण पडला की फुलं गळतात, तेव्हा हयगय नको.

वेळापत्रक मागाल तर देणार नाही. मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घाला. खाली गार, ओलसर लागलं तर आज सुट्टी. किंवा चार बोटं खालची मूठभर माती दाबून गोळा करा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, झाडाला हवं तेच. गोळा होतच नसेल तर पाणी द्या, हाताला चिखल लागला तर थांबा. पावसाच्या दिवसांत सरळ उभ्या कडेचा एक डबा वाफ्यात ठेवा. त्यात २५ मिलिमीटर पाणी साठलं तर त्या आठवड्याचं काम झालं.

राहता राहिली आत्ता झाडावर असलेली बिघडलेली फळं. बुडाला डाग पडलेली सगळी तोडून टाका, ती सुधारत नाहीत आणि झाडाची ताकद मात्र खातात. डागाचा भाग जरा मोठा कापून उरलेलं फळ खायला हरकत नाही. फुटलेलं फळ ताजं असेल तर त्याच दिवशी वापरा. चिरेत बुरशी धरली असेल किंवा आंबूस वास येत असेल तर सरळ टाकून द्या.